दुसऱ्या वाटेने उतरायचं असेल तर

डोंगर चढलो त्याच वाटेने उतरायचं असलं की परतीचा रस्ता ओळखीचा असतो. अवघड टप्पा केवढा आहे, पाणी कुठे आहे, वाट कुठे फुटते, हे सगळं सकाळीच पायाखालून गेलेलं असतं. फेरीत, म्हणजे एका सोंडेने (डोंगराच्या उतरत्या फाट्याने) चढून, धारेवरून (वरच्या अरुंद कण्यावरून) माथा ओलांडून, पलीकडच्या दरीतून मूळ जागी येण्यात, दिवसाचा दुसरा अर्धा भाग अनोळखी असतो आणि तो थकल्या पायांनी चालायचा असतो. त्यातून एका ठिकाणी मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब पडतं. आम्ही गटाने अशी फेरी आखतो तेव्हा बाकी सगळं या ठिकाणाभोवती ठरवतो: माघार कुठवर परवडेल, आणि तिथे आपण किती वाजता, किती पाण्यानिशी आणि कुठल्या अवस्थेत पोहोचणार.

हिशोबासाठी एक फेरी धरू. १६ किलोमीटर अंतर, एकूण ११०० मीटर चढ, दहा माणसं. पहिले ५ किलोमीटर खडकाळ सोंडेवरून ८०० मीटर चढ, वाटेत एक कातळटप्पा, म्हणजे हात लावून चढायचा खडक. पुढे ४ किलोमीटर धार, तिच्यावरच्या उंचवट्यांचा मिळून २५० मीटर चढ आणि दुसरा कातळटप्पा. माथ्यापलीकडे ७ किलोमीटर उतार. आधी तीव्र, मग रानातून ओढ्याच्या काठाने, आणि शेवटी ५० मीटरचा एक चढ.

वेळ काढताना सुरुवात स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२ सालच्या सूत्रापासून करायची. ताशी ३ मैल आणि दर २००० फूट चढाला एक तास जास्त, असं ते मूळ सूत्र. मीटरमध्ये सोपं करून ताशी ५ किलोमीटर आणि दर १०० मीटर चढाला १० मिनिटं. म्हणजे १६ किलोमीटरचे ३ तास १२ मिनिटं आणि चढाचा १ तास ५० मिनिटं. या सूत्रात उताराचा विचार नाही. गिर्यारोहक एरिक लँगम्यूर यांच्या दुरुस्तीप्रमाणे १२ अंशांहून तीव्र उताराला दर ३०० मीटरमागे १० मिनिटं वाढवायची. आपल्या फेरीत असा उतार ६०० मीटरचा आहे, म्हणून आणखी २० मिनिटं. बेरीज ५ तास २२ मिनिटं.

हा वेळ बऱ्या वाटेवरून न थांबता चालणाऱ्या तयारीच्या माणसाचा झाला. खडकाळ वाट आणि मिश्र गट असेल तर आम्ही त्याला १.४ ने गुणतो. हा गुणक काही शास्त्राने सिद्ध केलेला नाही. आमच्या चालीला तो जमतो, तुमच्या गटाचा वेगळा निघेल. झाले साडेसात तास. त्यात कातळटप्प्यांवरची रांग मिळवायची: माणशी ३ मिनिटं धरली तरी दहा जणांना अर्धा तास, दोन टप्प्यांना एक तास. ही रांग बहुतेक जण हिशोबात धरतच नाहीत आणि तिथेच दिवसाचं वेळापत्रक कोसळतं. विश्रांती आणि जेवण मिळून दीड तास. एकूण दहा तास. सकाळी ६ ला पाय उचलला तर दुपारी ४ ला परत.

पण एकूण वेळ कळून भागत नाही, तो टप्प्याटप्प्याने मांडावा लागतो. वरच्याच पद्धतीने धारेवर पोहोचायला सव्वाचार तास, म्हणजे सव्वादहा. धार ओलांडून उताराच्या तोंडाशी १ वाजून ५ मिनिटं. पुढचा उतार पावणेतीन ते तीन तासांचा. आता माघारीची वेळ ठरवता येते. ६ वाजता सूर्यास्त असेल तर दरीतल्या रानात त्याआधी अर्धा तास अंधारून येतं. धारेवर ११ ला पोहोचलो तर परत यायला पावणेपाच होतात आणि हाताशी जेमतेम पाऊण तासाचा उजेड उरतो. एखाद्याचा पाय मुरगळला तर तो सहज खर्च होतो. म्हणून धारेवर पाय ठेवायची शेवटची वेळ ११. त्यानंतर फेरी सोडायची आणि आल्या वाटेने उतरायचं. ही वेळ आदल्या दिवशी सगळ्यांना सांगून ठेवायची, कारण धारेवरून माथा दिसायला लागला की कोणालाच मागे फिरावंसं वाटत नाही, आणि तिथे उभं राहून वाद घालण्यात अर्धा तास जातो.

नकाशाची एक खोड लक्षात ठेवावी. समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) उंचीचं अंतर २० मीटर असेल तर १५ मीटरचा उंचवटा दोन रेषांच्या मध्ये लपून जाऊ शकतो. धारेवर असे दहा उंचवटे आले तर १५० मीटरचा चढ कागदावर दिसतच नाही. दुसऱ्याच्या जीपीएस ट्रॅकवरचा चढाचा आकडाही असाच सांभाळून घ्यावा. एकाच वाटेच्या दोन नोंदींमध्ये चांगलाच फरक पडतो, कारण उंचीतले बारीक चढउतार कुठलं ॲप मोजतं आणि कुठलं गाळून टाकतं. ट्रॅक घ्यायचा तो वाटेसाठी, चढ नकाशावर स्वतः मोजायचा.

फेरी कुठल्या बाजूने करायची? खडकाळ बाजूने चढावं आणि सोप्या बाजूने उतरावं, हा सर्वसाधारण नियम. चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय कुठे ठेवायचा ते पोटाखाली शोधावं लागतं. शिवाय कातळ सकाळी ताज्या हातापायांनी पार होतो. पण हा नियम डोळे मिटून लावू नये. उतरणीच्या बाजूला मोठा ओढा ओलांडायचा असेल तर दुपारच्या वादळी पावसाने तो नेमका शेवटी फुगलेला मिळतो. बर्फ वितळून येणारा प्रवाहही सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त असतो. दहा तास चालून, मुक्काम अर्ध्या तासावर असताना, समोर मांडीभर वेगाचं पाणी बघण्यापेक्षा फेरी उलटी केलेली बरी. कातळ उतरणं अगदीच नको असेल तर तो दिवसच बदलावा.

पाण्याचा हिशोब धारेमुळे बिघडतो. ओढे, झरे दरीत आणि सोंडेच्या पायथ्याशी असतात. धारेवर पाणी क्वचितच. बेताच्या हवेत चढाला तासाला अर्धा लिटर, उन्हात त्याहून बरंच जास्त लागतं. दहा तासांचं सगळं पाणी वाहून न्यायचं तर पाच किलो ओझं होतं. आम्ही निघण्याआधी अर्धा लिटर पितो, पाठीवर तीन लिटर घेतो आणि धारेआधीच्या शेवटच्या पाण्यावर सगळ्या बाटल्या पुन्हा गच्च भरतो, तहान असो वा नसो. उघड्या ओढ्याचं पाणी शुद्ध करून घ्यायचं. क्लोरिनच्या गोळीला निदान अर्धा तास द्यावा लागतो, पाणी गार किंवा गढूळ असेल तर जास्त. म्हणून बाटली भरली की झाकणाच्या पट्टीवर वेळ लिहायची. झाकण थोडं सैल करून बाटली उलटी धरायची, म्हणजे आट्यांमध्ये अडकलेलं कच्चं पाणीही धुतलं जातं. नाहीतर आत शुद्ध पाणी आणि तोंडाला लागणारं अशुद्ध.

दिवसभर नुसतं पाणी ढोसणंही धोक्याचं आहे. घामातून मीठ जातं. त्याची भरपाई न करता भरपूर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं वागणं अशी त्याची लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, आणि म्हणून सोबतचे त्या माणसाला आणखी पाणी पाजत राहतात. त्याने आधी किती पाणी प्यायलं आणि लघवीला किती वेळा जाऊन आला, हे विचारावं. भरपूर पिऊनही मळमळत असेल तर पाणी थांबवून खारट काहीतरी खायला द्यावं. गुंगी किंवा गोंधळ वाढला तर मात्र तातडीची वैद्यकीय मदत लागते.

बुटांबद्दल एकच गोष्ट तपशिलाने सांगतो, कारण ती दिवस जागीच थांबवते. बऱ्याच बुटांच्या तळव्याच्या वर पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. तो न वापरताही हवेतल्या ओलाव्याने कुजतो. कपाटात चार-पाच वर्षं ठेवलेला, वरून नवाकोरा दिसणारा बूट चढावर तासाभरात तळ सोडू शकतो. तपासायचं असं: अंगठ्याने तळव्याच्या वरची कड जोरात दाबायची आणि बूट मधून वाकवायचा. बारीक भेगा दिसल्या, भुगा पडला किंवा दाबलेला खड्डा वर आलाच नाही तर तो बूट घरी ठेवायचा. वाटेत तळ सुटलाच तर चिकटपट्टी पुढच्या टोकाला आणि चवड्यामागे आडवी गुंडाळायची, आणि वरून दोरीचे दोन वेढे द्यायचे. खडकावर नुसती पट्टी फार वेळ टिकत नाही. आम्ही पट्टीची अख्खी गुंडाळी नेत नाही, काठीच्या दांड्यालाच दोन-तीन मीटर गुंडाळून ठेवतो.

माणसांची संख्या चार ते दहा असावी. चाराहून कमी नको: एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदतीला जातात. दहाच्या वर गेलं की कातळावरची रांग दिवस खाते. निघण्याआधी खाली थांबणाऱ्या एका माणसाकडे वाट, गटातली नावं, परतीची अपेक्षित वेळ आणि कितीपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवायची ती वेळ लिहून द्यायची. शेवटची वेळ द्यायलाच लोक विसरतात, आणि मग खालचा माणूस काळजी करत बसतो पण हलत नाही. पाठीवरच्या सामानात प्रत्येकाकडे स्वतःचा डोक्याचा टॉर्च हवा, दोघांत एक चालत नाही. त्याशिवाय वाऱ्या-पावसाचं जाकीट, एक कोरडा उबदार थर, शिट्टी, आणि जेवणाव्यतिरिक्त एक वेळचं राखीव खाणं. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवून फोन विमान मोडवर टाकायचा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, आणि नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते. पॉवर बँक असेल तर तिची केबल त्याच फोनला लावून घरी तपासावी.

सुरुवातीला अंगाला थोडी थंडी वाजेल एवढेच कपडे घालून निघायचं. पंधरा-वीस मिनिटांत अंग तापतं, आणि गुंडाळून निघालेला माणूस घामाने भिजलेला अंगरखा घेऊन वाऱ्याच्या धारेवर पोहोचतो. पहिला थांबा अर्ध्या तासाच्या आत घ्यायचा, विश्रांतीसाठी नव्हे तर थर उतरवायला, नाड्या पुन्हा बांधायला आणि पायात कुठे घासतंय का ते बघायला. टाचेला गरम लागायला लागलं की मोजा काढून तिथेच पट्टी लावायची. फोड आल्यावर पट्टी लावण्यात फारसा अर्थ नसतो. पुढच्या थांब्यावर बघतो म्हणणाऱ्याला तिथेच बसवावं. ७ किलोमीटरचा उतार त्याच टाचेने उतरायचा आहे.

चाल अशी ठेवायची की चढावरही बोलताना वाक्य पुरं व्हावं. दर तासाला ५ ते १० मिनिटं थांबायचं. पुढे वाट माहीत असलेला एक जण आणि मागे अनुभवी एक जण, आणि मागच्याच्या मागे कोणीही राहायचं नाही. इथवर सगळेच गट करतात. बिघडतं ते थांब्यावर. पुढचे पाच जण पोहोचतात, सॅक टाकतात, पाणी पितात, फोटो काढतात. आठ मिनिटांनी सगळ्यात हळू चालणारा माणूस येतो, धापा टाकत. त्याला बघितल्याबरोबर पुढचे सॅक पाठीवर चढवतात: आले सगळे, चला. म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याला ती मिळतच नाही. तोही लाजेने निघतो. असं तीन-चार थांब्यांवर झालं की दुपारी धारेवर त्याचे पाय थरथरायला लागतात आणि मग सगळा गट त्याच्यासाठी अडतो. आमच्याकडे पद्धत अशी आहे की थांब्याची वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायची, आणि उठायचं ते त्याने सॅक उचलल्यावर. शिवाय त्याला पुढच्या माणसाच्या लगेच मागे चालायला द्यायचं. तिथे गटाची चाल त्याची चाल होते, मध्ये ताणलं-दाटलं जाणं कमी होतं. मागून धावत अंतर भरून काढण्याचा त्याचा त्रासही वाचतो.

वाट फुटते तिथे पुढच्याने थांबायचंच, मागचा शेवटचा दिसेपर्यंत. नुसत्या खुणेवर भरवसा ठेवू नये. लघवीला बाजूला जाणाऱ्याने सॅक वाटेवर ठेवून जायचं, म्हणजे मागच्याला कळतं की माणूस इथे आहे. मोजणी क्रमांकाने घ्यायची; प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. नजरेने माणसं मोजणारा बरेचदा स्वतःला धरायला विसरतो, आणि संख्या जुळवण्याच्या घोळात खरोखर कमी असलेला माणूस निसटतो.

कातळटप्प्यापाशी काठ्या मिटून सॅकला बांधायच्या, हातात काही नको. मनगटात पट्टा अडकवून खडकावर चढणं तर मुळीच नको. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवायचा, बाकी तीन जागच्या जागी. पकड धरण्याआधी खडकावर तळव्याने थाप मारायची: भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर दुसरी शोधायची. पकड बाहेर ओढण्यापेक्षा खाली दाबायची. नवखा माणूस इथे नेहमी एकच गोष्ट करतो. तो हात डोक्याच्या खूप वर टाकतो, अंग खडकाला चिकटवतो आणि दंडाच्या जोरावर स्वतःला ओढू बघतो. अंग चिकटलं की पाय दिसत नाहीत आणि बुटाची टाच वर उचलली जाऊन तळवा घसरतो. त्याला खालून सांगायचं ते एवढंच: पोट खडकापासून लांब कर, खाली बघ, गुडघ्याच्या उंचीवर पाय ठेव, आणि आता उभा राहा. हात तोलापुरते. बहुतेक टप्पे मग पायांनीच निघतात. त्याच्याशी एका वेळी एकानेच बोलावं, चार जणांच्या सूचनांनी माणूस गोठतो.

एक जण टप्प्यावर असताना बाकीचे त्याच्या सरळ खाली उभे राहणार नाहीत. दगड सुटला तर "दगड!" असं ओरडायचं, तो पायाएवढा असो वा सुपारीएवढा. खालच्यांनी वर बघायचं नाही. खडकाला चिकटायचं आणि सॅक डोक्यावर येईल असं वाकायचं. घसाऱ्याच्या नाळेत, म्हणजे सुट्या दगडांच्या अरुंद घळीत, दोनच सुरक्षित पद्धती आहेत. एक तर सगळ्यांनी इतकं जवळजवळ चालायचं की सुटलेला दगड वेग घ्यायच्या आत अडेल, किंवा एकेकाने आडोशापासून आडोशापर्यंत जायचं. वीस पावलांचं अंतर ठेवून रांगेने चढणं सगळ्यात वाईट, आणि ते सगळ्यात शिस्तीचं दिसतं. दोर नेला असेल तर तो कशाला बांधायचा आणि माणसाला कसा जोडायचा हे नीट शिकलेला माणूस गटात असला पाहिजे. हाताने धरायला सोडलेला मोकळा दोर, त्यावर भार टाकलेला माणूस घसरला, की मुठीतून सुटतो. दोर लागेल अशी शंका असेल आणि तो जाणणारं कोणी नसेल तर ती फेरी निवडू नये.

धारेवर हवा बदलते. सरासरी दर १००० मीटरला साडेसहा अंश सेल्सिअस गारवा वाढतो आणि वारा असेल तर त्याहून जास्त जाणवतो. जेवण वाऱ्याच्या आडोशाला आणि थर घालूनच करायचं. घामट अंगाने दहा मिनिटं बसलं की हुडहुडी भरते. ढग उभे चढायला लागले तर त्यांच्यावर लक्ष ठेवावं. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत आहे, धार लगेच सोडायची. उतरता येत नसेल तर निदान उंच टोकापासून आणि एकट्या झाडापासून दूर व्हायचं, माणसामाणसांत अंतर ठेवायचं. उथळ कपारीच्या तोंडाशी दाटीने बसू नये, विजेचा प्रवाह खडकावरून तिथेच उडी मारतो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मग पुन्हा निघावं.

आता उतार, म्हणजे फेरीचा खरा कस. चढताना सोंडा वर एकत्र येतात. थोडी चूक झाली तरी पाय शेवटी धारेवरच आणून सोडतात. उतरताना त्याच सोंडा फाटत जातात. धारेवर दहा-वीस पावलं चुकली तर दरीत उतरल्यावर दोन-तीन किलोमीटर चुकतात, कधी भलत्याच दरीत. फेरीत तर उतारवाट आधी पाहिलेलीही नसते. म्हणून उताराचं तोंड नकाशावर आदल्या दिवशी नक्की करून कागदावर लिहायचं: उंची किती, शेवटच्या ठळक खुणेपासून अंतर किती, आणि सोंडेची दिशा किती अंशांवर. तोंडाशी आल्यावर होकायंत्र धरून दिशा जुळवायची आणि पहिली ५० मीटर उतरून पुन्हा एकदा बघायचं. दिशा जुळत नसेल तर तिथूनच वर यायचं. ५० मीटर परत चढायला पाच-सात मिनिटं लागतात, ३०० मीटर उतरल्यावर मात्र कोणी चढायला तयार होत नाही. मग आडवं कापत जाऊ असं ठरतं, आणि तिथून माणसं कड्याच्या काठावर अडकतात.

जनावरांच्या पायवाटा इथे फसवतात. त्या मळलेल्या असतात, पण माणसाच्या उतारवाटेसारख्या खाली जात नाहीत. उताराला आडव्या जातात आणि चाऱ्यापाशी किंवा पाण्यापाशी विरतात. वाट बराच वेळ एकाच उंचीवर चालली असेल आणि नकाशावर ती उतरत असेल तर थांबायचं. वाट हरवली आणि खाली ओढा दिसला म्हणून ओढा धरून उतरणं हाही तसाच मोह. ओढा खालीच जातो हे खरं, पण तो धबधब्यावरून जातो.

उतारावर पाय वेगळ्या कारणाने थकतात. मांडीचे स्नायू भार पेलत असतानाच ताणले जातात. अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणूनच दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त येतं. उतरताना दम लागलेला नसतो, त्यामुळे माणसाला आपण ताजे आहोत असं वाटतं आणि पाय मात्र उशिरा हुकूम ऐकतात. लहान पावलं टाकायची, गुडघे किंचित वाकलेले, वजन तळव्याच्या मध्यावर. घाबरून मागे रेललं की टाच सुटते आणि माणूस पाठीवर आपटतो. काठ्या चढापेक्षा ५ ते १० सेंटीमीटर लांब करायच्या. उतार सुरू होण्याआधी नाड्या पुन्हा बांधायच्या, घोट्याजवळ घट्ट आणि बोटांवर सैल, म्हणजे टाच मागे बसते आणि अंगठ्याचं नख पुढे आपटत नाही. नखं दोन-तीन दिवस आधी कापलेली हवीत, आदल्या रात्री कापली तर कोपरे दुखतात.

इथे थांबे कमी करू नयेत. खाली गाडी, पाणी, सावली आहे म्हणून गट सुटल्यासारखा धावतो, नेमकं तेव्हाच घोटे मुरगळतात. अर्ध्या उतारावर सगळ्यांना बसवून काहीतरी गोड खायला लावायचं.

ओढा ओलांडताना सॅकचे कंबरेचे आणि छातीचे पट्टे सोडायचे. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे रोवलेली, आडवं सरकत जायचं. बूट काढायचे नाहीत. पाणी वेगाचं आणि गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नये. रुंद पसरट जागा शोधावी, अरुंद जागी पाणी खोल आणि जोरदार असतं. पाण्यात दगड लोळत असल्याचा गडगड आवाज येत असेल तर कुठल्याच जागी उतरू नये.

कोणी पडलं तर आधी सगळ्यांनी जागीच थांबायचं, दुसरा दगड सुटता कामा नये. मुरगळलेल्या पायाचा बूट लगेच काढायचा नाही, सूज आली की तो परत चढत नाही. बुटावरूनच आधारपट्टी बांधून बघायचं. तो माणूस चार पावलं स्वतः टाकू शकला तर त्याची सॅक वाटून घेऊन हळू उतरायचं. टाकता येत नसेल तर उचलून नेण्याचा विचार खडकाळ वाटेवर सोडून द्यावा, दहा जणांचा गटही तिथे लवकर दमतो आणि दुसरा माणूस पडतो. त्याला जमिनीवर सॅक आणि दोर अंथरून त्यावर बसवायचं, सगळे उबदार थर घालायचे, आणि दोघांनी जागेचे अक्षांश-रेखांश, दुखापत आणि वेळ लिहून मदतीला जायचं. संकटाची खूण शिट्टीने किंवा टॉर्चने: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन. आल्प्समधून आलेला हा संकेत १८९४ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक क्लिंटन डेंट यांनी मांडला. तीन शिट्ट्या ऐकू आल्या तरी आपली खूण थांबवायची नाही, शोधणारे आवाजाच्या मागावर येत असतात.

खाली पोहोचल्यावर क्रमांकाने शेवटची मोजणी, आणि खाली थांबलेल्या माणसाला निरोप. हा निरोप थकव्यात राहून जातो आणि मग रात्री विनाकारण शोध सुरू होतो. त्यानंतर आम्ही एक काम तिथल्या तिथेच उरकतो: धारेवर, उताराच्या तोंडाशी आणि पायथ्याला पोहोचल्याच्या खऱ्या वेळा आदल्या दिवशीच्या हिशोबासमोर लिहायच्या, प्रत्येक कातळटप्प्याला किती मिनिटं गेली तेही, आणि कोणाकडे किती पाणी उरलं तेही. पुढच्या फेरीचा गुणक १.४ ठेवायचा की १.६, हे त्या कागदावरून ठरतं.